नवव्या थांब्यावरचं घर

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. आधी मी इतर बायकांबरोबर मैदानाला फेऱ्या मारत होते, पण तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर एकाच जागी गोल गोल फिरणं काही जमेना. आठवड्याभरात मी मैदान सोडलं आणि जुन्या नगरात शिरले. माळीवाडा वेशीतून आत जायचं, दुकानं उघडायच्या आत कापडबाजार ओलांडायचा, मग जी गल्ली दिसेल ती धरायची आणि दिल्ली दरवाजाशी बाहेर पडायचं. राहुरीहून लग्न होऊन या शहरात आले त्याला छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या गल्ल्यांतून मी रिक्षात बसूनच गेले होते.

एका सकाळी एका बोळाच्या तोंडाशी एक गृहस्थ रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून ती दोन्ही हातांनी फिरवत होते. पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन. त्या भागाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि ते सोडायचं काम त्यांचं. चावी फिरवून झाल्यावर ते लगेच उठले नाहीत. मान तिरकी करून जमिनीत काही ऐकत बसले. त्यांच्या शेजारी भिंतीत अर्धा बुजलेला एक दगडी खांब होता, आतून पोकळ. मी त्यांना विचारलं, हे काय आहे.

"खापरी नळाचं हाय मॅडम," ते म्हणाले. "निजामशाहीतलं. कापूरवाडीकडनं भाजलेल्या मातीच्या नळातनं पानी यायचं गावात. हितं वर चढून दम खायचं आन् पुढं जायचं."

खापरी नळांबद्दल मी वाचलं होतं, वर्गात दोन-चार वाक्यं सांगितलीही होती. पण बोट ठेवून कुणी दाखवलं नव्हतं. मी एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. शेवटी तेच म्हणाले की रविवारी ड्युटी संपल्यावर वेळ असतो, हवं तर हिंडून दाखवतो.

त्यानंतरचे चार रविवार आम्ही चाललो. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल आणि हात मागे बांधलेले. बोलायचे कमी. नोकरीला लागले तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमानं त्यांना हे सगळं दाखवलं होतं. नंतर नवे पाइप टाकताना जिथं जिथं खोदकाम झालं, तिथं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मातीचे नळ पाहिले होते. कुठल्या मशिदीच्या हौदात कुठून पाणी पडायचं, कुठल्या चौकात नळाला दोन फाटे फुटायचे, हे त्यांना पाठ होतं. मी वहीत नकाशा काढत जायची. एकदा मी त्यांना सांगितलं की आता नगरला येणारं पाणी माझ्या माहेरचं, मुळा धरणाचं. ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, मग इतकी वर्षं मी तुमच्या माहेरचंच पाणी सोडत आलो.

चौथ्या रविवारी ते मला स्वतःच्या घरी घेऊन गेले. कापडबाजाराच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि बाजूला फरशी घातलेलं छोटं अंगण. घर भाड्याचं, मालक सावेडीला राहणारे. पडवीत त्यांच्या पत्नी शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होत्या. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली एका मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो.

अंगणाच्या कोपऱ्यात जाड लाकडी फळी होती. त्यांनी ती बाजूला सरकवली. खाली सात दगडी पायऱ्या, आणि तळाशी विटांच्या कमानीचा एक हौद. पाणी नव्हतं, पण गारवा असा की अंगावर काटा यावा. त्यांच्या पत्नी तिथं कांदे-बटाटे ठेवत. समोरच्या भिंतीत खापरी नळाचं तोंड होतं, मनगट जाईल एवढं. त्यांनी आत हात घातला आणि मलाही घालायला सांगितलं. माझ्या बोटांना आतून येणारी हवा लागली. कुठून येत होती कोण जाणे. मी बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

वर आल्यावर पोहे आणि चहा झाला. मी फोनवर काढलेले फोटो पुन्हा पुन्हा बघत होते, ते त्यांच्या पत्नीनं पाहिलं असावं. त्या साधेपणानं म्हणाल्या, "आमी कुनाला दाखवत न्हाई हे. तुमी आल्या म्हनून."

मी "हो, हो" म्हणाले. हे वाक्य मी विसरले असते तर आज थोडं बरं वाटलं असतं. पण मी ते विसरले नव्हते.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी पुण्याहून चार दिवस राहायला आली. तिनं वही चाळली आणि ती उत्साहानं म्हणाली की आई, याची पायी सहल करू या. वाटाड्या नको, गटानं जायला नको, ज्याला वाटेल त्यानं हातात पत्रक घेऊन किंवा फोनवर नकाशा उघडून आपापलं चालावं. मला ते फार आवडलं. शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. आता शहर मला विचारणार होतं. दोघींनी मिळून अकरा थांबे ठरवले, माळीवाडा वेशीपासून थेट दमडी मशिदीपर्यंत. प्रत्येक थांब्याला चार ओळी. सगळे थांबे कुणीही पाहू शकेल असे होते. नववा तेवढा एका अंगणातला.

नवव्या थांब्याच्या ओळी मी लिहिल्या त्या अशा: "खासगी घरातील भूमिगत हौद. खापरी नळाचे मूळ तोंड आजही शाबूत. घरातील मंडळी अगत्यशील आहेत. दार वाजवून विनंती करावी."

मुलीनं त्या वाचल्या आणि विचारलं, "आई, त्या लोकांना विचारलंयस ना?"

मी "हो" म्हणाले.

मनात असं होतं की पत्रक छापायच्या आधी जाऊन येऊ. पण तेवढ्यात त्या बोळात मला दुसरेच व्हॉल्व्हमन भेटले. त्यांनी सांगितलं, आधीचे निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी हळहळले. दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन निघालेही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथं उभी राहिले. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याच्यापुढं बसून काय बोलायचं, असं वाटलं. आणि अशा घरात जाऊन पत्रकाचा विषय काढायचा म्हणजे किती वाईट दिसेल, असंही. माझी ही दुसरी सबब मला तेव्हा मोठी समंजस वाटली होती. मी परत फिरले. संत्री आम्हीच खाल्ली.

पत्रक छापलं गेलं. हॉटेलांच्या काउंटरवर, वाचनालयात, दोन-तीन शाळांत ठेवलं. नकाशा फोनवर फिरू लागला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याकडची, नाशिककडची माणसं गल्ल्यांत दिसायला लागली, हातात माझं पत्रक घेऊन. एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. तिथं केलेल्या भाषणात मी एका अनुभवी व्हॉल्व्हमनचा उल्लेख केला, पण नाव घेतलं नाही. नाव घेतलं तर लोक विचारतील ते आता कुठं असतात, आणि मग मला उत्तर द्यावं लागेल.

चालून आलेले लोक आपले फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे आणि त्यांत आम्हालाही जोडायचे. सगळ्यांना नववा थांबा आवडायचा. एका दुपारी जेवण झाल्यावर मी असेच फोटो बघत पडले होते. एका फोटोत तो हौद होता, सकाळचं कोवळं ऊन, फळी बाजूला केलेली, वरच्या पायरीवर ओल चमकत होती. खाली लिहिलं होतं, "पाचशे वर्षांचा हौद, आजही नांदता." फार सुंदर आला होता. मी त्यावर लाल बदाम दाबला. पुढच्या फोटोवर जाणार तोच माझं लक्ष डावीकडं गेलं. हौदाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक माणूस उघड्या अंगानं बसला होता. ओठ एका बाजूला ओढलेले, उजवा हात मांडीवर पडलेला, केसांतून पाणी निथळत होतं. मागं उभ्या असलेल्या बाईच्या हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातानं ती त्याच्या अंगावर टॉवेल ओढायच्या बेतात होती. तो माणूस सरळ कॅमेऱ्याकडं बघत होता.

मी हौद आधी ओळखला होता. माणूस मागाहून ओळखला.

तो फोटो शंभरांहून जास्त लोकांनी वाखाणला होता. मी माझा बदाम काढून घेतला, जणू त्यानं काही होणार होतं. मग मुलीला फोन केला आणि तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आई, तू हो म्हणाली होतीस." एवढंच. तिनं त्या दिवशीच नवव्या थांब्याची खूण फोनवरच्या नकाशातून काढली आणि फोटो टाकणाऱ्याला विनंती करून तो काढायला लावला. पण छापलेली पत्रकं लोकांच्या घरी गेली होती आणि त्यांचे फोटो पुढं पाठवले जात होते. ते कसं थांबवायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. या वेळी हातात काही नेलं नाही. गल्लीकडच्या दाराला आतून कडी होती, हाक मारल्यावर ती उघडली. अंगणात दोन जुन्या साड्या जोडून पडदा टांगलेला होता आणि त्याच्या मागं खुर्चीत ते बसले होते. मला बघून त्यांच्या पत्नीला बरं वाटलं. त्यांनी स्टूल पुढं केलं. मी न विचारताच त्या सांगू लागल्या की गेले दोन महिने कोण कुठली माणसं येतात, दार वाजवतात, हौद दाखवा म्हणतात. आधी त्यांना वाटलं सरकारी माणसं आहेत, म्हणून दाखवला. सकाळी पाणी यायच्या वेळी गल्लीतून नळी आत घ्यावी लागते, दार उघडंच राहतं, मग लोक सरळ आत येतात. ह्यांची अंघोळ नेमकी त्याच वेळी. पाणी तिथून वाहून जातं म्हणून त्यांना तिथंच बसवावं लागतं.

मग त्यांनी मशीनच्या खणातून घडी घातलेलं पत्रक काढून माझ्या हातात दिलं.

"हे बगा. आमचं घर छापलंय कुनीतरी. तुमच्या वळखी हायेत मॅडम, तुमीच सांगा त्यांना."

पत्रकाच्या मागं माझं नाव होतं, ठळक अक्षरात. त्यांनी ते वाचलंही असेल. पण माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या घरी एकदा पोहे खाऊन गेलेली मॅडम होते. खरं तर मला गप्प बसता आलं असतं. सांगते म्हणून निघून जाता आलं असतं, आणि आठ दिवसांनी लोक यायचे थांबले असते तर त्यांनी माझे आभारही मानले असते. हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पूर्ण करून पाहिला, हेही इथं लिहायला हवं.

मग मी सांगितलं की हे मीच लिहिलं आहे. न विचारता. तुम्ही कुणाला दाखवत नाही म्हणाला होता, ते आठवत असूनही.

त्या रागावल्या नाहीत, निदान मला दिसेल अशा रागावल्या नाहीत. मशीनवर जाऊन बसल्या आणि अर्धवट राहिलेली शिवण पुढं नेली. काठाच्या टोकाला आल्यावर थांबल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "इचारायचं तरी हुतं. मी न्हाई म्हनले असते. पन ह्यांनी हो म्हनलं असतं."

तेवढ्यात खुर्चीतून घशातला आवाज आला. ते डावा हात पुढं करून पत्रक मागत होते. मी पडद्याआड जाऊन ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं ते आता फाडतील, किंवा निदान माझ्या अंगावर टाकतील. त्यांनी नकाशा उलगडला, डाव्या हाताचं बोट चौथ्या थांब्यावर ठेवलं आणि पाचव्यापर्यंत ओढलं. पुन्हा तसंच ओढलं. मला कळेना. तिसऱ्यांदा त्यांनी बोट इतकं जोरात दाबलं की कागद चुरगळला. मग लक्षात आलं. मी नळाची रेघ गल्लीच्या उजव्या अंगानं काढली होती. ते डाव्या अंगानं दाखवत होते. मी "डावीकडून?" असं विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. माझी चूक त्यांना केव्हाची खुपत होती, आणि दाखवली तर कळेल असं घरात कुणी नव्हतं. मी पडद्याच्या त्या बाजूला तोंड वळवलं. रडायचा मला हक्क नव्हता असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पुढचे रविवार मी सकाळी सात ते दहा त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. हातात पत्रक घेऊन कुणी दिसलं की पुढं होऊन सांगायची की नववा थांबा बंद आहे, आत आजारी माणूस आहे. बहुतेकजण निमूटपणे वळायचे. काही विचारायचे, तुम्ही कोण? एकजण म्हणाला की आम्ही एवढं लांबून आलो ते काय रस्ता बघायला? त्याचं पत्रक मी हातातून काढून घेतलं आणि नवव्या थांब्याच्या ओळींवर पेनानं काट मारली. तो माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसा बघत गेला. पाच रविवार असे गेले. लोक हळूहळू कमी होत होते. मला वाटू लागलं होतं की यातून आता सगळं सावरेल.

सहाव्या रविवारी गल्लीत वाळू आणि विटांचे तुकडे सांडलेले दिसले. दार उघडं होतं. अंगणाचा कोपरा सपाट झाला होता, वर नवी शहाबादी फरशी आणि तिच्या सांध्यांत ताजं सिमेंट. त्यांच्या पत्नी हौदातून आधीच बाहेर काढलेले कांदे-बटाटे पोत्यात भरून पडवीत ठेवत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. घरमालकाच्या कानावर पत्रकाची गोष्ट गेली होती. उद्या कुणी सरकारात अर्ज केला, जुनी वास्तू म्हणून नोंद झाली, तर घर पाडून नवं बांधायला परवानगी मिळणार नाही, अशी भीती त्यांना वाटली. बुधवारी ते दोन गवंडी आणि भरावाचा टेम्पो घेऊन आले. घर त्यांचं, हौद त्यांचा, त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत काम संपलं.

"आता कोन येनार न्हाई. एका परीनं बरं झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाल्या की ह्यांना त्या दिवशी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, पण आवाज कसा बंद करणार? भराव पडायला लागला तसे ते भिंतीकडं तोंड करून पडले. दोन दिवस जेवले नाहीत.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नव्या फरशीवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेनं चालत बाहेर आले. त्या नळाच्या तोंडातून येणारी हवा आता कुठं जात असेल, हा विचार काही दिवस डोक्यातून जात नव्हता. ज्यांनी तो हौद इतकी वर्षं झाकून ठेवून वाचवला, त्यांच्याकडून मी तो नेला आणि चार महिन्यांत घालवला. मालकाला नावं ठेवून मी स्वतःला थोडं हलकं करायचा प्रयत्न केला. घरी, मुलीपुढं. तिनं ऐकून घेतलं, पण होकार दिला नाही.

आता मी दर गुरुवारी दुपारी तिथं जाते. जाऊ नये असंही वाटतं, पण जाते. जुन्या वहीतला नकाशा मोठ्या कागदावर उतरवून घेतला आहे, तो त्यांच्या मांडीवर पसरते. ते बोटानं दाखवतात, मी पेन्सिलनं रेघ काढते, चुकली की ते बोट आपटतात, मी खोडते. एका दुपारी फार तर दोन गल्ल्या होतात. माझ्या पत्रकात एकूण सात चुका निघाल्या आहेत. परवा नकाशावर आम्ही त्यांच्या घरापाशी पोचलो. मी तिथं थांबले, कारण माझ्या वहीत नळ तिथंच संपत होता. त्यांचं बोट थांबलं नाही. ते घराच्या पलीकडं, पुढच्या दोन गल्ल्या ओलांडून गेलं. तिकडचं मला त्यांनी कधी दाखवलं नव्हतं, किंवा दाखवायचं राहून गेलं होतं.

त्यांच्या पत्नी मला दार उघडतात. चहाही देतात. पण पहिल्यासारखं समोर बसून बोलत नाहीत. कप ठेवतात आणि मशीनकडं जातात. ते रास्तच आहे, मला त्याची तक्रार नाही.

गेल्या महिन्यात निघताना मी धीर करून त्यांना विचारलं की हा नकाशा पुरा झाल्यावर ह्यांच्या नावानं छापला तर चालेल का, घराची खूण न घालता. या वेळी मी विचारलं, याचं मला आतून थोडं समाधान वाटत होतं, आणि त्याची मला लगेच लाजही वाटली. त्यांनी दोरा दातांनी तोडला, साडी झटकून घडी घातली आणि म्हणाल्या, "बगू."

त्यानंतर चार गुरुवार झाले. त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.